अकरा दिवसांची हवा

“कोणत्या सालापासून पायजे?” ढोकेकाकांनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत भिंतीतल्या कपाटाची दोन्ही दारं उघडून ते बाजूला झाले.

आत रजिस्टरं रचलेली होती. लाल कापडी पाठीची, प्रत्येकावर शाईनं साल घातलेलं. खालच्या खणातली दमट हवेनं फुगली होती, पण एकाचंही पान निसटलेलं दिसलं नाही.

“याच वर्षीचं द्या,” मी म्हणाले. “जुलैपासून.”

“बस? एवढंच?” त्यांचा आवाज उतरला. “सत्तावन सालापासूनचं हाय, बाई. दिवसातून तीन येळा. एक ओळ कोरी सापडली तर सांगा.”

ही त्र्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. चिखलदऱ्याच्या पठारावर, गावापासून जरा लांब, एक जुनं हवामान ठाणं होतं. दोन खोल्यांची कचेरी, मागे ढोकेकाकांचं क्वार्टर, पुढच्या अंगणात पांढऱ्या जाळीच्या पेटीतले तापमापक आणि पाऊस मोजायचं नळकांडं. तिथून चारशे पावलांवर माझं घर आणि माझी प्रयोगशाळा. दोन्ही एकच. दगडी भिंतींची एक खोली, जी आमच्या मुंबईच्या संस्थेनं कधीकाळी दुसऱ्याच कुठल्या प्रयोगासाठी बांधली होती. मी जूनमध्ये तिथे आले, आणि चारशे पावलांवरच्या या कचेरीत पहिल्यांदा शिरले ती सप्टेंबरात.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. नाव ऊर्मिला तांबवेकर, पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मुंबईतल्या इमारतीत वर्कशॉपच्या यंत्रांचा आणि शेजारच्या खोल्यांतल्या किरणोत्सारी स्रोतांचा इतका त्रास होता की माझं नाजूक मोजमाप तिथे होईना, म्हणून माझे मार्गदर्शक डॉ. केळुसकर यांनी मला इथे पाठवलं होतं.

माझं यंत्र म्हणजे पितळेची हातभर लांब नळी. तिच्या मधोमध केसाहून बारीक तार ताणलेली. नळीत आर्गॉन वायू, थोडा मिथेन मिसळलेला. सिलिंडरमधून तो एका टोकानं संथ आत यायचा आणि दुसऱ्या टोकानं तेलाच्या बाटलीतून बुडबुडे सोडत बाहेर जायचा. क्ष-किरण आत शिरला की वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात आणि तिच्याजवळ पोहोचता पोहोचता एकाचे हजारो होतात. त्यातून विजेचा एक ठोका मिळतो. ठोका जितका उंच, तितकी त्या किरणाची ऊर्जा जास्त. आता एकाच ऊर्जेचे किरण सोडले तर सगळे ठोके एकाच उंचीचे यायला हवेत, पण येत नाहीत. काही थोडे ठेंगणे, काही थोडे उंच. आलेख काढला की सरळ रेघेऐवजी एक टेकडी मिळते. ती टेकडी बारीक करणं हे माझं काम होतं. रुंद टेकडीत शेजारच्या दोन ऊर्जा एकमेकींत मिसळून जातात आणि कोण कुठली ते कळेनासं होतं.

मी आले तेव्हा टेकडीची रुंदी सव्वीस टक्के होती. तार बदलली, नळी आतून घासून पुसली, वायू गाळून घेतला, तेव्हा बावीसवर आली. खोलीचं तापमान टिपून त्याचा हिशेब धरला, साडेअठरावर आली. मग तिथेच अडकली. एका दिवसाची टेकडी सुबक दिसायची. दहा दिवसांची बेरीज केली की ती बसकट व्हायची. आणि पुढची खरी मोजमापं आठवडेच्या आठवडे चालणार होती, त्यामुळे एका दिवसाची सुबकता कामाची नव्हती. मी मुंबईहून निघताना केळुसकरांनी सांगितलं होतं, “डिसेंबरपर्यंत पंधराच्या आसपास आणा. नाही आलं तर हे काम मला बंद करावं लागेल.”

सप्टेंबरच्या मध्यावर पठारावर मोठं वादळ आलं. दोन दिवस दार उघडता येत नव्हतं. त्या दोन दिवसांत टेकडी हळूहळू उजवीकडे सरकली, आणि वादळ गेल्यावर आपली आपण परत आली. मी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून दिव्यासमोर धरले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझी नळी बाहेरच्या हवेला उघडी होती. बाहेर हवेचा दाब उतरला की आतला वायू विरळ होणार, तारेजवळच्या एका इलेक्ट्रॉनाचे जास्त इलेक्ट्रॉन होणार, ठोके उंच होणार. टेकडी रुंद नव्हतीच. ती रोज इकडून तिकडे फिरत होती, आणि मी तिची फिरलेली सगळी जागा मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढोकेकाकांच्या दारात उभी होते.

दौलतराव ढोके. वय सत्तावन्न, बारीक अंगकाठी, अंगात बिनबाह्यांचा राखी स्वेटर. त्यांनी मला रजिस्टर घरी नेऊ दिलं नाही. “इथं बसा, लिवून घ्या,” म्हणाले. म्हणून मी रोज सकाळी आठ वाजता जाऊ लागले. साडेआठला ते वायुभारमापकासमोर उभे राहत. भिंतीवर टांगलेली पाऱ्याची लांब नळी होती ती. आधी बोटानं हलकीच टिचकी मारत, मग डोळे बरोबर पाऱ्याच्या पातळीला येतील असे गुडघ्यात वाकत, आकडा पुटपुटत, पुन्हा एकदा पाहत आणि मगच लिहीत.

“दोनदा काहून पाहता?” चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. “पयल्यांदा आपल्याले जे वाटते ते दिसते. दुसऱ्यांदा जे हाय ते दिसते.”

“हे आकडे जातात कुठे?”

“महिन्याचा कागद नागपूरले जाते.”

“आणि तिकडून?”

“तिकडून काय येणार? पावती बी येत नाही.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “सव्वीस वर्षांत तुमीच पहिल्या आल्या रजिस्टर पाहाले.”

मग ते आत जाऊन चहा आणत, बिनदुधाचा. चहा पिताना फार बोलणं व्हायचं नाही. एकदा मी रीत म्हणून विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“आता मीच,” ते म्हणाले.

मी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मला ऑगस्टचे आकडे उतरवून घ्यायचे होते.

त्या दिवसांत माझं बोलणंही कोणाशी होत नव्हतं. सकाळी सुगंती नावाची कोरकू बाई दूध द्यायची, पातेलं पुढे केलं की ओतून निघून जायची. आठवड्यातून एकदा पोस्टात जाऊन केळुसकरांना ट्रंक कॉल लावायचा, तो लागला तर तीन मिनिटं आकड्यांवर बोलणं. बाकी वेळ मी आणि तेलाच्या बाटलीतले बुडबुडे. स्वतःचा आवाज ऐकावासा वाटला की मी आकडे मोठ्यानं वाचायची. ढोकेकाकांच्या कचेरीतला तो अर्धा तास माझ्या दिवसातला सगळ्यात माणसांचा अर्धा तास होता, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांचे दाबाचे आकडे माझ्या आलेखांना लावले. दर चार तासांचा एक आलेख, प्रत्येकाला त्या वेळच्या हवेप्रमाणे सरकवायचं. काम हातानंच, ग्राफपेपरवर. जुलै झाला आणि टेकडी उभी राहिली, ताठ, दोन्ही बाजूंनी एकसारखी उतरणारी. रुंदी पंधरा पूर्णांक एक. मी खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. सांगायला कोणी नव्हतं. सप्टेंबर लावला, पंधरा पूर्णांक दोन.

ऑगस्ट लावला आणि टेकडीला दोन डोकी फुटली.

एकेक दिवस सुटा करून पाहिला. वीस दिवस उत्तम होते. दोन ऑगस्टपासून बारा ऑगस्टपर्यंतचे अकरा दिवस मात्र हिशेब लावल्यावर सुधारायचे सोडून आणखीच विस्कटत होते. मी आकडेमोड पुन्हा केली. मग माझंच काहीतरी चुकलं असणार असं धरून यंत्राच्या मागे लागले. ऑगस्टात बिघडून तेरा तारखेला आपोआप बरं झालेलं यंत्र, यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता, तरी मी नळी उघडली. तार काढताना तुटली. नवी तार ताणताना श्वास धरून ठेवावा लागतो, कारण श्वासानंही ती हलते. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा बसली. नळी बंद करून आतली हवा घालवून पुन्हा वायू भरेपर्यंत बारा दिवस गेले. दिवाळी त्यातच होऊन गेली. नव्या तारेनंही टेकडी पंधराचीच दिली. ऑगस्टचे अकरा दिवस होते तिथेच होते.

पोस्टातून केळुसकरांना फोन लावला.

“सर, मी त्या अकरा दिवसांना टेकडीच्या जागेवरूनच सरकवून घेतलं तर? बरोबर बसतात.”

“बसणारच,” ते म्हणाले. “टेकडी पाहून टेकडी सरकवायची म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणं झालं. तसं चालणार नाही.”

“मग वगळते.”

“वगळा, पण कारण लिहावं लागेल. काय लिहिणार? आवडले नाहीत म्हणून?”

शेवटचं मिनिट उरलं होतं, तरी मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढोकेकाकांना म्हटलं, “मागचे ऑगस्ट कसे असतात ते पाहायचंय. जुनी रजिस्टरं काढू का?”

त्यांचा चेहरा उजळला. “घ्या ना. कितीबी घ्या.” ते स्वतः उठले आणि ब्याऐंशीचं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. बाहेर अवकाळी पाऊस भुरभुरत होता, म्हणून छत्री घेऊन अंगणातलं पावसाचं माप पाहायला गेले.

मी ब्याऐंशीचा ऑगस्ट उघडला. शेजारी त्र्याऐंशीचा होताच. दोन तारीख, सकाळी साडेआठ: दाब आठशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार मिलिबार. दोन्हीकडे. दुपारी अडीच: आठशे चौऱ्याऐंशी पूर्णांक नऊ. दोन्हीकडे. मी बोट खाली नेत राहिले. तीन तारीख, चार, पाच. तेहतीस नोंदी, तेहतीसही त्याच. तेरा तारखेला दोन्ही वर्षं पुन्हा आपापल्या वाटेनं गेली होती.

मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. माझं यंत्र बरोबर होतं. पितळेच्या नळीनं एका माणसाचं खोटं पकडलं होतं, आणि ती नळी मी बांधली होती. खिडकीतून ढोकेकाका दिसत होते. मापातलं पाणी उजेडाकडे धरून ते पातळी पाहत होते, दोनदा. मी दोन्ही रजिस्टरं मिटली आणि ते आत यायच्या आधी निघाले.

पोस्टात त्या दिवशी फोन लगेच लागला.

“सर, कारण सापडलं! त्या अकरा दिवसांची हवा खोटी आहे. मागच्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे उतरवलेत. मी पकडलं.”

केळुसकरांनी विचारलं, “तुम्ही त्यांना विचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात? समोर आहे सगळं.”

“बरं,” ते म्हणाले. “सरकारी दफ्तरात खोट्या नोंदी आहेत हे आपल्याला कळलं असेल तर कळवणं आपलं काम आहे. मी पत्र लिहितो. तुमचं नाव द्यावं लागेल.”

“द्या,” मी म्हणाले.

केळुसकर सरळ माणूस होते, त्यांनी त्यांचं काम केलं. सव्वीस वर्षांत ज्या कचेरीतून पावती आली नव्हती, तिथून अकराव्या दिवशी माणूस आला.

मुळावकर नावाचे अधिकारी होते, गोरे, थकलेले, बसच्या प्रवासानं आंबलेले. त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा दोन्ही वर्षांची रजिस्टरं टेबलावर उघडी होती. ढोकेकाका उभे होते. स्वतःच्याच कचेरीत, स्वतःच्याच खुर्चीच्या मागे.

“या बाईंच्या यंत्रावरून हे लक्षात आलं म्हणे,” मुळावकर म्हणाले. “ढोके, तुम्ही पाहून घ्या. तुमचंच अक्षर आहे ना?”

“माझंच हाय, साहेब.”

“या तारखांना तुम्ही कुठे होता?”

“अमरावतीले. दवाखान्यात.”

“तब्येत?”

“माझी नाही. घरच्यांची.” त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “एक तारखेले रात्री पोटात कळ उठली तिच्या. सकाळी जीपमधून नेलं. पाचव्या तारखेले गेली. मंग तिथंच तिच्या भावाकडं राह्यलो. तेराले सकाळी आलो.”

मुळावकरांनी पेन खाली ठेवलं. मी भिंतीकडे पाहत होते, पण मला भिंत दिसत नव्हती.

“अहो, मग रजा नाही का टाकायची?” मुळावकर हळू आवाजात म्हणाले. “एक कार्ड टाकलं असतं तरी पुरे होतं. कोणी काही म्हटलं नसतं.”

“रजा टाकली असती तर बदली माणूस आला असता का, साहेब?”

“नसता आला. माणसं कुठायत आपल्याकडे?”

“मंग ओळी कोऱ्या राहिल्या असत्या.” ढोकेकाका रजिस्टराकडे पाहत होते. “तेराले मी आलो. कुलूप उघडलं. घरात जावंसं वाटेना. इथं येऊन बसलो. पान उघडलं तं अकरा दिवस कोरे. घर तसं, आन् हेबी तसंच. मले ते पाहवलं नाही. मागच्या सालचं समोर होतं... चुकलं. चूक माझी हाय.”

मग त्यांनी टेबलावरची लाल शाईची दौत ओढली, टाक बुडवला, पट्टी घेतली, आणि मुळावकरांनी काही म्हणायच्या आत दोन ऑगस्टच्या ओळीवर आडवी रेघ मारली. समोर लिहिलं, ‘नोंद घेतली नाही. दौ. ढोके.’ मग पुढची ओळ. तेहतीस रेघा आणि तेहतीस सह्या. टाक कागदावर खरखरत होता. ते सगळं होईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.

परतताना वाटेत सुगंती भेटली. मी तिला थांबवलं. “ढोकेकाकांची बायको वारली, तुला माहीत होतं?”

“सगळ्याले माहीत आहे.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “तुमी इथंच तं होत्या,” ती म्हणाली.

मी इथेच होते. चारशे पावलांवर. त्या अकरा दिवसांचे सहासष्ट आलेख माझ्याकडे तारीखवार लावलेले होते. पठारावरून जीप गेली होती, समोरच्या क्वार्टरला कुलूप होतं, मग तिथला माणूस एकटाच परत आला होता. यातलं काही माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

मुळावकरांनी जमेल तितकं सौम्य लिहिलं असावं. ढोकेकाकांना निलंबित केलं नाही, चौकशी लागली नाही. पण पत्राच्या निमित्तानं वरच्यांच्या लक्षात आलं की चिखलदऱ्याला असं एक ठाणं आहे आणि त्याचा कोणाला उपयोग नाही. डिसेंबरात हुकूम आला: ठाणं बंद, उपकरणं नागपूरला जमा, ढोके यांनी निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने तिथल्या भांडारात हजर राहायचं.

या मधल्या दिवसांत मी कचेरीत गेले नाही. कशी जाणार होते? माझे पुढचे आकडे मी मुंबईहून मागवलेल्या छोट्या दाबमापकावर घेत होते. माझं काम पुरं झालं होतं. रुंदी चौदा पूर्णांक नऊपर्यंत आली, केळुसकरांनी तारेनं अभिनंदन केलं. प्रबंधात मी वगळलेल्या दिवसांचं कारण लिहिलं, ‘या काळात वायुभाराची नोंद उपलब्ध नाही.’ ते खरं होतं.

पण एक काम मी आणखी केलं. माझ्या टेकड्यांच्या जागांवरून उलटा हिशेब मांडून त्या अकरा दिवसांचा खरा दाब काढला. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. तेहतीस आकडे. स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहिले आणि त्यांच्या जाण्याच्या दिवशी तो कागद घेऊन गेले.

अंगणातली जाळीची पेटी उखडून आडवी ठेवली होती. पाऱ्याची नळी पेंढा घातलेल्या खोक्यात निजवून त्यावर फळी ठोकलेली. ढोकेकाका ओट्यावर बसून ट्रकची वाट पाहत होते. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन छान पडलं होतं.

“या बाई,” ते म्हणाले, नेहमीसारखंच. “चहा नाही आता. भांडी बांधून ठेवली.”

“काका, मी...” मी ओट्याच्या पायरीवर बसले. “मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“तुमी खरं तेच सांगतलं.”

“तरी विचारायला हवं होतं.”

त्यांनी मान हलवली. ते मला माफ करणं होतं की नुसतं ऐकल्याची खूण, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी कागद पुढे केला. “त्या अकरा दिवसांचे खरे आकडे आहेत. माझ्या यंत्रातून काढलेत. रजिस्टर अजून इथेच असेल तर भरून टाका. नाहीतरी बरोबरच आहेत.”

त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि घडी करून माझ्या हातात परत दिला.

“बरोबर असतीन,” ते म्हणाले. “पण म्या पाह्यले नाही ना, बाई.”

मी कागद मुठीत धरून बसले. खालच्या वळणावर ट्रकचा आवाज आला आणि पुन्हा बंद झाला. तो दुसऱ्याच रस्त्यानं गेला असावा.

ते म्हणाले, “एक विचारू काय?”

“विचारा ना.”

“पाच तारखेले दुपारी दोन-अडीचच्या सुमाराले... इथं हवा कशी होती?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या दरीकडे पाहत होते.

“तिनं मले विचारलं होतं,” ते म्हणाले. “खाटेवरून. म्हणे, वर आभाळ कसं असन आता? धुणं वाळत टाकून आलो होतो आमी, घाईत तसंच राह्यलं होतं अंगणात. सव्वीस वर्षं झाली, तिनं सकाळी पडल्या पडल्या विचारावं, आज कसं हाय? आन् म्या सांगावं. त्या दिवशी मले सांगताच आलं नाही. म्हटलं, माहीत नाही. मंग थोड्या वेळानं ती गेली.”

मी कागदाची घडी उलगडली. बोट ओळींवरून खाली नेलं. पाच ऑगस्ट, दुपार.

“दोन दिवस दाब खाली गेला होता,” मी म्हणाले. “चार तारखेला सगळ्यात कमी. पाचला सकाळपासून चढायला लागला. अडीचला आठशे शहाऐंशीच्या वर होता. चढतच होता.”

“चढत होता,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे पाऊस उघडला असन.”

ते आता माझ्याकडे वळून पाहत होते. चष्म्यातून, डोळे बरोबर माझ्या डोळ्यांच्या पातळीला आणून.

“हो काका,” मी म्हणाले. “उघडला होता. चांगलं ऊन पडलं होतं दुपारी. मी पाहिलं.”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि चष्मा काढून खिशात ठेवला. थोड्या वेळानं ट्रक आला. खोकी चढवायला मी हात लावला. ते ड्रायव्हरशेजारी बसले, मला हात केला, आणि ट्रक उतरणीला लागला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. पाच ऑगस्टच्या दुपारी मी नळीवर वाकून बसले होते. पाऊस होता की ऊन, मला माहीत नाही. त्या दिवशी मी दारसुद्धा उघडलं नव्हतं.